ढकलपास

पाचवी-आठवीच्या मुलांना पुन्हा नापास करता येणार म्हटल्यावर बऱ्याच पालकांचा जीव भांड्यात पडला. भीती असल्याशिवाय पोरं पुस्तक उघडत नाहीत, हे आपलं खरं राष्ट्रीय शिक्षणशास्त्र. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने ही भीती काढली, 2019 च्या दुरुस्तीने परत आणली. औषध इतकं गुणकारी असेल, तर ते फक्त दहा वर्षांच्या पोरांनाच का पाजायचं?

आमच्या पाहण्यात एक थोराड विद्यार्थी आहे. कोठारी आयोगाने 1966 मध्ये त्याला गणित घातलं: राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च कर. 1968 च्या धोरणात त्याने लिहिलं, करतो. 1986 च्या धोरणात लिहिलं, आठव्या योजनेपासून सहाच्याही वर जातो. (हुशार पोरगं!) 2020 च्या धोरणात लिहिलं, लवकरात लवकर करतो. सहाचा आकडा आजवर एकदाही गाठलेला नाही. उत्तरपत्रिकेवरचं नाव मात्र नीट तपासलं जातं. 1985 मध्ये शिक्षण मंत्रालयाचं मनुष्यबळ विकास मंत्रालय झालं, 2020 मध्ये पुन्हा शिक्षण मंत्रालय. याला म्हणतात सुधारणा.

आपलं राज्य तरी कशाला मागे राहील? दप्तराचं ओझं कमी करायला 2023 मध्ये पाठ्यपुस्तकांतच कोरी पानं घातली. पुस्तक जाड झालं आणि वह्या होत्या तिथेच राहिल्या. 2025 मध्ये पानं काढायचा जीआर निघाला. त्याआधी 2022 मध्ये वर्गात गुरुजींचे फोटो लावायचा आदेश आला होता. त्यावर उगाच ओरड झाली. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती ही कामं तर कायद्यानेच गुरुजींच्या गळ्यात घातली आहेत. उरलेल्या वेळात 'आज दुपारी बारापर्यंत माहिती भरा, अन्यथा कारवाई' अशी लिंक येते. अशा वेळी भिंतीवर तरी गुरुजी दिसावेत, ही दूरदृष्टीच म्हणायची. मुलांना वाचता येतं का, हे विचारणारी लिंकही अधूनमधून येते. ती भरायची असल्यामुळे वाचन घ्यायला त्या दिवशी वेळ होत नाही.

तेव्हा आमची मागणी एवढीच, की 1968 पासून वरच्या वर्गात ढकलत आणलेल्या त्या थोराड विद्यार्थ्याला एकदा तरी त्याच वर्गात बसवा. कायद्यात सोयही आहे: नापास झाल्यास निकालानंतर दोन महिन्यांत फेरपरीक्षा. फक्त ती मुलांनाच लागू आहे.