तिपाई तिकडेच ठेवा

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

मेलबर्न,
डिसेंबर

तीर्थरूप आबा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सुखरूप पोचल्याचं फोनवर कळवलंच. पण फोनवर बोलताना तुमचे चिरंजीव शेजारी कान टवकारून बसलेले असतात, म्हणून खरी बातमी कागदावर. त्यांनी लेन्सा विकायला काढल्यात. आई, दचकू नका, पैशांची अडचण नाही. हे कोल्हापूरनं केलंय.

तिकडे येताना विमानात हातातल्या सामानाला सात किलोंची मर्यादा होती. दोन कॅमेरे, लांब पल्ल्याची दीड किलोची लेन्स, तिच्या धाकट्या बहिणी, फ्लॅश, चार्जर, काचांच्या डब्या, हे सगळं काट्यावर चढवलं असतं तर कपडे इथेच राहिले असते. म्हणून मोठी लेन्स ह्यांच्या जाकिटात, बॅटऱ्या माझ्या पर्समध्ये आणि फ्लॅश तुमच्या नातीच्या खिशात. पोर विमानतळभर एका अंगाला कलून चालत होती. मुंबईला महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसल्यावर तिचे खिसे रिकामे केले, तेव्हा कुठे ती सरळ झाली.

रजा घेतली होती तीच मुळी किरणोत्सवाच्या तारखा बघून. नोव्हेंबरची ९, १० आणि ११. (जानेवारीची ३१ आणि फेब्रुवारीची १, २ ही दुसरी संधी, पण तेव्हा इथे शाळा सुरू होतात.) पहिल्या दिवशी मावळतीची किरणं देवळात अंबाबाईच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. चिरंजिवांनी महिनाभर मेलबर्नात बसून सूर्याचा कोन, गाभाऱ्यातला अंधार, शटर किती आणि आयएसओ किती, याचा आराखडा केला. फक्त गाभाऱ्यात फोटो काढू देत नाहीत एवढंच बघितलं नाही. आई, तुम्ही फोनवर बजावलं होतं. त्यावर हे मला म्हणाले, ‘आईला सगळं जुनंच आठवतं.’

मग महाद्वारातला तो प्रसंग. सुरक्षारक्षकानं बॅगेची एकेक चेन उघडत नेली, प्रत्येक कप्प्यातून काहीतरी काचेचं निघालं, आणि शेवटी त्यानं अगदी आदरानं विचारलं, ‘साहेब, पिच्चर काढायला आलाय काय?’ बॅग आत जाणार नव्हती आणि चप्पल स्टँडवर ठेवायचं ह्यांना धाडस होईना. आबा, तुम्ही नसता तर आमचं दर्शन हुकलंच होतं. भवानी मंडपात कट्ट्यावर ती बॅग मांडीवर घेऊन तुम्ही बसलात, आणि उठताना जे बोललात ते इथे आमच्या मित्रमंडळींत आता पाठ झालंय: ‘बाबूराव पेंटरांनी कॅमेरा घरी बनवला. तुला विकतचा उचलंना व्हय रं?’

ते ह्यांना फार लागलं. त्याच संध्याकाळी नातीला घेऊन खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ दाखवायला गेले. कॅमेऱ्याच्या खटपटीतले जोडीदार आनंदराव पेंटर १९१६ साली गेले, तरी बाबूरावांनी नाद सोडला नाही. विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ मध्ये कॅमेरा उभा केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. नातीनं विचारलं, ‘मग बाबा, तुम्ही काय बनवलंत?’ मी पुण्याची असूनही त्या वेळी गप्प बसले, याची नोंद घ्यावी.

आता माझं मत सांगते. कॅमेरा आत न्यायची गरजच नव्हती, कारण ते देऊळच कॅमेरा आहे. पश्चिमेकडे एक दार, आत अंधार, आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वाटेनं प्रकाश. महाद्वार, गरुड मंडप, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा, असं एकेक ठाणं ओलांडत ऊन आत सरकतं. आकाशात ढग आले किंवा वाटेत कुठली इमारत आडवी आली की ते अडतं. दुसऱ्या दिवशी पेपरात किरणं कुठे किती वाजून किती मिनिटांनी पोचली ते छापून येतं, आणि प्रकाशाची तीव्रता लक्समध्ये मोजणारे अभ्यासकही आहेत. एवढा चोख हिशेब ह्यांच्या कुठल्याच यंत्रात नाही. आणि त्यासाठी कुणाला बॅग उचलावी लागत नाही.

नंतरचे दिवस हे नुसता एक कॅमेरा आणि ३५ मिलिमीटरची एकच लेन्स गळ्यात घालून हिंडले. ती झूम होत नाही, त्यामुळे माणसालाच पुढेमागे व्हावं लागतं. आधी मोठी लेन्स रोखली की ओटीवाल्या मावशी पदर सावरून ताठ बसायच्या आणि विचारायच्या, ‘कुठल्या पेपरातनं आलाय?’ आता कुणी बघेना. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर तर एक म्हैसवाले दादा म्हणाले, ‘लांबनं काय काढतोयस भावा, जवळ ये की, ती काय मारत न्हाई.’ म्हशीचा तो फोटो सगळ्यांत भारी आलाय. फेसाळ ग्लास, म्हशीचा एक डोळा आणि मागे दादांचं हसू. तुम्हाला पाठवते.

इथे आल्यावर हे संगणकावर बसले आणि कुठल्या लेन्सनं काय निघालं ते मांडलं. चांगलं म्हणावं असं जवळजवळ सगळं त्या ३५नं काढलेलं. दीड किलोच्या लेन्सच्या वाट्याला रंकाळ्यावरचा एक बगळा, तोही पाठमोरा. म्हणून विक्री.

पण आबा, सुटसुटीत होणं स्वस्त नसतं बरं. मोठ्या लेन्सचे पैसे हातात पडताच ‘आता साधं राहायचं’ म्हणून एक छोटा कॅमेरा आला. त्याला साधा चामडी पट्टा, पट्ट्याला शोभेल अशी साधी बॅग, आणि बॅटरी वेगळ्या मापाची म्हणून साधा चार्जर. मी विचारलं तर म्हणाले, ‘आबांकडेही एकच कॅमेरा होता.’ होता ना, अॅग्फा क्लिक थ्री. त्यावर निवडायला ऊन नाहीतर ढग, आणि एका रोलात बारा फोटो. पण त्या एका कॅमेऱ्यासाठी आबांनी आधी लेन्सा विकल्या नव्हत्या, असं मी म्हटलं. त्यानंतर घरात शांतता आहे.

पुढच्या वेळी बॅग हलकी असेल, तेव्हा परतीच्या सामानात माझ्यासाठी जागा राखलीय. कापशीचं पायताण दोन जोड सांगून ठेवा. कांदा-लसूण चटणीचं इथल्या कस्टमवाल्यांशी मी बघून घेईन.

आपली,
सून

ता. क. कॅमेऱ्याची तिपाई तिकडेच राहिलीय, ती विकायची नाही असं चिरंजिवांनी बजावलंय. परवाच्या व्हिडिओ कॉलवर तिच्यावर सांडग्यांचं ताट दिसलं. आई, ते ताट तसंच राहू दे, फक्त कॉलच्या वेळी फोन दुसरीकडे वळवा.