घासाघीस

अण्णांना भाजी घ्यायची नसते. त्यांना भाजीवाल्याला हरवायचं असतं. भाजी काकू घेतात.

लखनौच्या अमौसी विमानतळापासून कानपूर रस्त्याच्या कडेकडेने सरोजिनी नगर पसरलंय. इथल्या स्कूटर्स इंडियात अण्णा पुण्याहून नोकरीला आले. हा सरकारी कारखाना १९७२ सालचा. इटलीतल्या लॅम्ब्रेटाची यंत्रं आणून तिथे ‘विजय’ स्कूटर बनायची, पुढे तीनचाकी ‘विक्रम’. बजाजच्या गावचा माणूस उठून लॅम्ब्रेटाच्या आश्रयाला गेला, हे नातेवाइकांनी आजवर विसरू दिलेलं नाही. २०२१ मध्ये सरकारने कारखाना बंद करायचं ठरवलं. अण्णा त्याच्या आधीच निवृत्त झाले होते. बाजारातून मात्र ते निवृत्त व्हायला तयार नाहीत.

रविवारी सकाळी सगळं घर निघतं. पुढे अण्णा, हात पाठीमागे बांधून. मागे काकू, सून, नातू आणि सर्वांत शेवटी पिशव्या घेऊन मी. वरच्या खोलीचा भाडेकरू असल्याने हे माझ्याकडे ओघानेच आलंय.

आता अण्णांची विद्या मंडईतली, म्हणजे थेट महात्मा फुले मंडईतली. भाव ऐकला की आधी भुवया वर न्यायच्या. मग ‘सोन्याची आहेत का?’ विचारायचं. त्यावर विक्रेत्याने ‘परवडत नसेल तर पुढे व्हा’ म्हणायचं. आपण पुढे व्हायचं आणि तिसऱ्या पावलाला त्याने हाक मारायची. या सगळ्यात विक्रेत्याने खेकसणं फार महत्त्वाचं. तो खेकसलाच नाही, तर पुढचं काहीच जमत नाही.

आणि इथे कोणी खेकसतच नाही.

“परवल कैसे दिया?”

“साठ रुपये किलो, बाबूजी.”

“साठ? सोने का है क्या?”

“अरे बाबूजी, आप जो मुनासिब समझें, दे दीजिए.”

झालं! योग्य भाव ठरवायची जबाबदारी अण्णांच्याच डोक्यावर येऊन पडली. मनात चाळीस असतं, पण समोरचा हात जोडून उभा. कसेबसे ‘पचपन’ म्हणतात. एकदा तर या नम्रतेने इतके चिडले की सांगितल्यापेक्षा दोन रुपये जास्त देऊन आले. निघून जायचा डावही इथे फुकट जातो. मागून हाक येत नाही, ‘फिर आइएगा’ येतं. मग परत फिरायला काही कारण हवं, म्हणून अण्णा बाजाराच्या टोकाला जाऊन रबरी चपलांचे भाव विचारतात.

त्यात डोक्यावरून विमानं. नेमका निर्वाणीचा आकडा उच्चारताना एखादं विमान उतरतं आणि तो आकडा कोणालाच ऐकू जात नाही. विमान गेल्यावर तो पुन्हा उच्चारायला जी चीड लागते, ती तोवर ओसरलेली असते.

नुसत्या भावावर भागत नाही असं दिसलं, की अण्णा इतिहास काढतात. गेल्या रविवारी भेंडी घेताना त्यांनी भातखंड्यांना मैदानात उतरवलं. १९२६ साली पंडित विष्णु नारायण भातखंड्यांनी लखनौला मॅरिस कॉलेज सुरू केलं, तुमच्या गवयांना शिस्तीत शिकायची सोय आमच्या माणसाने केली, आणि तुम्ही आम्हालाच भेंडीत लुटता? भेंडीवाल्याने सगळं शांतपणे ऐकलं, “जी, बिल्कुल सही फरमाया” म्हणाला आणि मूठभर कोथिंबीर-मिरच्या पिशवीत टाकल्या. फुकट. भातखंड्यांच्या नावावर आजवर झालेली रोकड वसुली एवढीच.

जूनअखेर पहिल्या पावसानंतर अळूची पानं दिसायला लागतात. ती विकणाऱ्या अम्मांना अण्णांनी वडी समजावून सांगितली: बेसन, चिंच, गूळ, गुंडाळी, वाफ. अम्मा म्हणाल्या, “हमरे घर उरद की पीठी लगावत हैं.” अण्णा थबकले. ही वडी महाराष्ट्राबाहेरही होते, हाच मुळात त्यांना धक्का, त्यात उडीद! मग बेसन की उडीद यावर चांगलंच जुंपेल असं वाटायला लागलं. अण्णांनी बाह्या सरसावल्या. अम्मा म्हणाल्या, “तुमरौ तरीका नीक है, भइया.” काकूंनी तोवर दोन जुड्या पिशवीत टाकून पैसेही दिले होते.

खरा सामना आंब्यांपाशी होतो. दसहरी आंब्याचं दसहरी गाव इथून फार लांब नाही, मलिहाबादच्या बागाही त्याच अंगाला. हापूसनंतर आंबाच नाही असं मे महिन्यात शपथेवर सांगणारे अण्णा जूनमध्ये दसहरीच्या पाटीसमोर उभे असतात, पण तत्त्व सोडत नाहीत. आंबा डझनावर घ्यायचा. किलोवर बटाटे घेतात.

“एक दर्जन.”

“बाबूजी, दर्जन से नहीं मिलेगा. तौल से मिलता है.”

नाही म्हणाला! अण्णांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. त्यांनी रत्नागिरी काढली, देवगड काढलं, पेटी, गवत, सगळं काढलं. बघे जमले. आंबेवाला घाम पुसत म्हणाला, “अच्छा, दर्जन ही सही. दो सौ दे दीजिए, आप नाराज न हों.” अण्णांनी विजयी मुद्रेने मागे पाहिलं. तेवढ्यात शेजारच्या पाटीवरचा पैसे आल्याचं सांगणारा डबा खणखणीत आवाजात बोलला: “एक सौ बीस रुपये प्राप्त हुए.” काकू दोन किलो दसहरी पिशवीत भरत होत्या.

“आजोबा, हम घर चलें?” नातू म्हणाला. “‘हम’ कोण? पेशवे?” अण्णांनी त्याच्यावर राग काढला खरा, पण त्यात जीव नव्हता.

रस्त्यावर ई-रिक्षा उभी होती. काकू आणि सून बसल्यासुद्धा. अण्णांनी सवयीने भाडं विचारलं. चालकाने मान न वळवता सांगितलं, “अस्सी. बैठना हो तो बैठिए, नहीं तो आगे बढ़िए.”

हा नक्की कानपूरचा असणार. अण्णांचा चेहरा उजळला.

“काकूंना उतरायला सांग,” ते मला म्हणाले, “आणि पिशव्या खाली ठेव. वेळ लागेल.”