चपलांपाशी कोण बसणार?

सूर्यास्त बघायला दोन्ही हात मोकळे लागतात, ही गोष्ट सूर्यास्तावर लिहिणारे कधी लिहीत नाहीत. मीही त्याच पंथातला. क्षितिज, केशरी आभाळ, घरट्याकडे परतणारे पक्षी एवढ्या भांडवलावर आमची लेखणी उन्हाळाभर चालते, आणि निसर्गाची जाण आपल्याला इतरांपेक्षा चार आणे जास्तच आहे, असा गोड समज आम्ही जन्मभर बाळगतो. या जाणिवेचं बिल मात्र दुसरंच कोणीतरी भरत असतं. मे महिन्याच्या रविवारी कुठल्याही चौपाटीवर पाण्याकडे पाठ करून उभं राहावं, म्हणजे ते कोण हे दिसतं. जुनी चादर अंथरलेली, तिच्या चार कोपऱ्यांवर वाऱ्याला दाब म्हणून चपलांचे चार जोड, आणि मधोमध एक बाई. तिच्या मांडीवरच्या पर्समध्ये तिघांचे मोबाइल, नवऱ्याचं पाकीट आणि मुलाचा चष्मा. शेजारच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ओली हाफपँट, दुसऱ्या पिशवीत चकल्या, आणि त्या पिशव्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून एक हात कायम तिथे. समोर सूर्य बुडत असतो. ती मात्र पाण्यातली डोकी मोजत असते.

माझं म्हणणं एवढंच आहे की, पाण्याकाठची एखादी सार्वजनिक जागा कुटुंबाच्या सोयीची आहे की नाही, हे ठरवायला पाण्याचा रंग, वाळूचा पोत, माडांची रांग यांतलं काहीही तपासायची गरज नाही. चपलांपाशी कोण बसतं आणि बसणाऱ्याचे हाल किती होतात, एवढं बघितलं की पुरे. या परीक्षेत समुद्र सपशेल नापास होतो आणि तळी पहिल्या वर्गात पास होतात. कारण साधं आहे : तळ्याकाठी चपला पायातच राहतात. ठाण्याच्या मसुंदा तलावाला, म्हणजे ठाणेकरांच्या तलावपाळीला, संध्याकाळी एक चक्कर मारा. कट्ट्यावर आजी-आजोबा, सुना, कॉलेजची पोरं, सगळी एका ओळीत पाण्याकडे तोंड करून बसलेली असतात. चादर नाही आणि पहाराही नाही. कोल्हापूरच्या रंकाळ्यावर तेच. रंकाळ्याकाठचा नंदी रोज गव्हाच्या दाण्याएवढा पुढे सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागे येतो, तो पाण्यापर्यंत पोचला की जगबुडी होणार, असं कोल्हापुरात सांगतात. रविवारी संध्याकाळी रंकाळ्याकडे निघालेल्या गाड्यांचा वेग बघितला तर नंदीची प्रगती समाधानकारक म्हणावी लागेल. पण एकदा पोचल्यावर मात्र तिथे बाईमाणूस सुखाने बसू शकतं. मुंबईचंच घ्या. गिरगाव, दादर, जुहू, वर्सोवा, अक्सा असे किनारे असताना मुंबईकराचा जीव जडला तो मरीन ड्राइव्हच्या साडेतीन किलोमीटरच्या कठड्यावर, जिथे बसणाऱ्याला वाळूचा कण लागत नाही आणि पाण्यात उतरावं म्हटलं तर टेट्रापॉड आडवे येतात. नवराबायको एकाच दिशेला तोंड करून, दोघंही रिकाम्या हातांनी बसली आहेत, हे दृश्य आपल्याकडे एरवी फक्त टीव्हीसमोर दिसतं.

यावर पहिला आक्षेप पोरांचा. त्यांना कट्टा नको असतो, त्यांना वाळू हवी असते. किल्ला कट्ट्यावर होत नाही. कबूल. कट्ट्यावर बसवलेलं सहा वर्षांचं मूल दहा मिनिटांत कुल्फी मागतं आणि अकराव्या मिनिटाला घरी जायचं म्हणतं. म्हणून समुद्र टाळा असं मी म्हणत नाही. समुद्रावर चार गोष्टी हव्यात, म्हणजे पाय धुवायला नळ, कपडे बदलायला आडोसा, सामान ठेवायला कुलपाची पेटी आणि स्वच्छ स्वच्छतागृह. (शेवटच्या दोन शब्दांत पुनरुक्ती वाटत असेल तर आपण अलीकडे एखाद्या चौपाटीवर गेलेला नाहीत.) नळ नसला की काय होतं, हे वाहनतळावर उभं राहून बघावं. वीस रुपयांची पिण्याच्या पाण्याची सीलबंद बाटली उघडून ती मुलाच्या पायांवर ओतली जाते. एका पायाची वाळू जाते, तोवर तो पाय पुन्हा वाळूत पडलेला असतो. ज्या राज्यात कित्येक गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, तिथे मिनरल वॉटरने पाय धुण्याची ही चैन केवळ एका नळाअभावी चालू आहे. आडोसा नसल्याचा त्रास पुरुषांना होत नाही. पंचा कमरेला, पंच्याचं टोक दातांत, एवढ्यावर हजार लोकांसमोर पँट बदलण्याची कला आपल्या पुरुषवर्गाने पिढ्यान्पिढ्या जोपासलेली आहे. बाईला ती मुभा नाही. ओल्या साडीत किंवा ओल्या सलवारीत तीन तासांचा परतीचा प्रवास करायचा, की मुळात पाण्यातच उतरायचं नाही, यातून तिने निवड करायची. ती चादर निवडते. मग घरच्यांच्या मते तिला पाण्याची हौस नसते.

आता चपलांच्या सुरक्षेची शास्त्रीय बाजू. हा भाग लांबणार आहे. मधल्या वेळात ज्यांना भेळ आणायची असेल त्यांनी आणावी. कोकणात खाडीकाठच्या जुन्या माणसाला भरतीची वेळ विचारली तर तो घड्याळाकडे बघत नाही, तिथी विचारतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण हाती लागते. चतुर्थीला चार पाऊण तीन : तीनला भरती, आणि सहा तासांनी, नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, एकादशीला सव्वाआठला. पौर्णिमा-अमावास्येला हिशेबाने सव्वाअकरा निघतात, प्रत्यक्षात बाराच्या आसपास जातात. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही रोज तेवढीच मागे पडते, म्हणून हे गणित चालतं. पाऊणकीचा पाढा अभ्यासक्रमातून गेला, समुद्राने मात्र तो सोडलेला नाही. हे गणित एकदा अंगी मुरलं की सहलीचं सगळं भविष्य आधीच सांगता येतं. अष्टमीला संध्याकाळी पाणी भरलेलं, पण ती भांगाची भरती, स्वभावाने मवाळ, चादर सुरक्षित. एकादशीला सहा-सातच्या सुमारास पाणी चढतं असतं, आणि चादर दर पंधरा मिनिटांनी मागे ओढावी लागते. त्या दिवशी समुद्र हमखास चप्पल नेतो, आणि नेतो तीही जोडातली एकच. दोन्ही नेल्या तर निदान वाद मिटेल. पौर्णिमेला लोक चांदण्यासाठी म्हणून जातात आणि संध्याकाळी सहाला ओहोटी इतकी लांब गेलेली असते की समुद्र शोधायला निघावं लागतं. उधाणाच्या दिवसांत मुंबईला भरतीची उंची साडेचार मीटरच्या वर जाते. ज्या दिवशी पाणी इतकं चढतं त्या दिवशी ते तितकंच खालीही उतरतं. चपला इथे, पाणी तिकडे, मध्ये ओल्या वाळूचा पट्टा. मग चादरीवरून स्वतःचं मूल ओळखू येत नाही आणि 'फार पुढे जाऊ नकोस' हे भलत्याच पोराला ओरडून सांगितलं जातं. सगळ्यांत सुंदर योग संकष्टीचा. भरती तीनला होऊन गेलेली, पाणी उतरतं, वाळू टणक, पोरांच्या क्रिकेटला उत्तम, सगळं जुळून आलेलं. फक्त उपास करणारीला भेळ चालत नाही. चंद्रोदय होतो नऊच्या सुमारास, म्हणजे पूर्ण ओहोटीला, आणि तोवर सगळे घरी पोचून झोपायच्या तयारीत असतात. आता घरात तिथी कोणाला माहीत असते? जी चादरीवर बसते तिला. आणि निघायची वेळ कोण ठरवतो? ज्याला सूर्यास्त बघायचा असतो तो. समुद्राचं वेळापत्रक जिच्या तोंडपाठ, तिला सहलीचं वेळापत्रक कोणी विचारत नाही.

'तिला आवडतं असं निवांत बसायला,' हा दुसरा आक्षेप, आणि तो नेहमी पाण्यात उभ्या असलेल्या माणसाकडून येतो. त्याला उत्तर म्हणून किनाऱ्यावर अंधार पडेपर्यंत थांबावं. सगळे परत आले, चपला पायांत गेल्या, चादर झटकून झाली, की ती 'आलेच हं' म्हणून एकटीच पाण्याकडे जाते. साडी घोट्याच्या वर उचलून, एक लाट पायावरून जाऊ देते, दुसरी येईपर्यंत उभी राहते. तेवढ्यात मागून हाक येते, 'अगं चल, ट्रॅफिक लागेल.' हे दृश्य फार वेळा दिसतं, आणि त्यावर विनोद करणं मला जमत नाही. तिच्या निवांतपणाची दुसरी बाजू अशी की ती घरातून निघाल्यापासून पाणी प्यालेली नसते. आजूबाजूला अख्खा अरबी समुद्र, हातात थंडगार बाटली, आणि घसा कोरडा. कारण प्यायलं तर जायचं कुठे? मुंबईत बायकांच्या संघटनांनी २०११ पासून 'राइट टू पी' ही मोहीम चालवली, ती काही चैनीच्या मागणीसाठी नव्हती. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, इतक्या उघड अन्यायाविरुद्धही बायकांना मोहीम काढावी लागली. चौपाट्यांवरची स्थिती त्याहून सोपी आहे. पैसे द्यायची तयारी असली तरी घेणारं कोणी नसतं.

तिसरा आक्षेप माझ्या पंथाचा, म्हणजे निसर्गप्रेमींचा : किनारा आहे तसा राहू द्या, सोयींच्या नावाखाली सिमेंट ओतू नका. आक्षेप ऐकायला भारदस्त आहे, आणि किनारा नियमनाचे, म्हणजे सीआरझेडचे नियम १९९१ पासून त्याच्या बाजूने उभे आहेत. पण हे नियम सोयींच्या आड येतातच असं नाही. 'ब्लू फ्लॅग' नावाचं किनाऱ्यांसाठीचं मानांकन फ्रान्समध्ये १९८५ साली सुरू झालं. त्याचे ३३ निकष आहेत, त्यांत पाण्याची शुद्धता आहे तशी स्वच्छतागृहं आहेत, प्रथमोपचार आहेत, अपंगांना जाता येईल अशी वाट आहे. (भेळेचा उल्लेख नाही, यावरून निकष युरोपात ठरले हे सिद्ध होतं.) २०२० मध्ये भारतातल्या पहिल्या आठ किनाऱ्यांना तो निळा झेंडा मिळाला : गुजरात, दीव, कर्नाटकातले दोन, केरळ, आंध्र, ओडिशा, अंदमान. त्या यादीत महाराष्ट्र नव्हता, आणि किनाऱ्यांवर ज्याचं पोट आहे तो गोवाही नव्हता. कर्नाटकातलं कासरकोड कारवारच्या खाली, म्हणजे कोकणचाच समुद्र, तीच वाळू, तेच सुरू. तिथे जमलं ते इथे निसर्गाला बाधक ठरतं, हे पटत नाही. 'आय लव्ह' म्हणणारी पुरुषभर उंचीची रंगीत अक्षरं, नाचरी कारंजी आणि लेझरचे दिवे बसवताना निसर्ग कुणाच्या आड आल्याचं ऐकिवात नाही. तो फक्त नळाच्या आड येतो.

चौथा आक्षेप, लोक घाण करतात. करतात. पण घाण काढणारेही लोकच असतात. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह या तरुण वकिलाने २०१५ साली कचरा उचलायला सुरुवात केली, मागून शेकडो हात आले, आणि २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं बाहेर पडून समुद्राकडे गेली. किनारा मादीला सोयीचा झाला की ती येते, हे त्यातून निर्विवाद सिद्ध झालं. तीही रात्रीच येते म्हणा, पण तिला कोणी चपला सांभाळायला बसवत नाही.

आणि एक गोष्ट हसण्याबाहेरची. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले चौदा विद्यार्थी बुडाले. धोक्याची पाटी लावली की कर्तव्य संपलं, असं मानणाऱ्या प्रत्येक ग्रामपंचायतीने, नगरपालिकेने हा आकडा लिहून ठेवावा. पाटी पोहत नाही. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून पगारी जीवरक्षक आहेत, पोहायचा टप्पा झेंड्यांनी आखून दिलेला असतो. आपल्या बहुतेक गावकिनाऱ्यांवर बुडणाऱ्याकडे लक्ष असणारं माणूस एकच असतं, आणि त्या माणसाला पोहता येत नाही. ते चादरीवर बसून डोकी मोजत असतं.

तेव्हा विनंती अशी. तुमच्या गावच्या तळ्याला किंवा किनाऱ्याला सुशोभीकरणाचा निधी येणार आहे असं कानावर आलं, तर उद्घाटनाची वाट बघू नका, आधीच अर्ज द्या. अर्जात कारंजं नको असं स्पष्ट लिहा. दोन नळ, एक आडोसा, कुलपाच्या पेट्या, रात्री नऊपर्यंत उघडं राहणारं बायकांचं स्वच्छतागृह आणि एक जीवरक्षक, एवढंच मागा. खाली पहिली सही चादरीवर बसणारीची घ्या.