माळकरी आजींची शिराझ

अहो वहिनी, जरा कुंपणाशी या ना. नाही, कढीपत्ता नकोय, कालचाच पडलाय. सांगायचंय काहीतरी. गेटने नका येऊ, आमच्या सासूबाई ओट्यावर जप करत बसल्यात आणि जपाच्या वेळी त्यांचे कान कुठे असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. इथेच या, शेवग्याच्या आडोशाला.

परवा रविवारी आम्ही निफाडकडे गेलो ना, ते काही साखरपुड्याला नव्हतो गेलो. वायनरीत गेलो होतो. अहो हळू! ‘अगंबाई’ एवढ्या मोठ्यांदा म्हणतात का?

जावईबापूंची हौस हो. पुण्याहून येतानाच ठरवून आले होते. मला वाटलं, नेतील गंगापूर धरणाकडे त्या सुलाला, जिथे शनिवार-रविवारी अख्खी मुंबई फोटो काढत हिंडते. तर म्हणाले, ती मोठी झाली, आपण घरगुती बघायची. घरगुती म्हटल्यावर हे लगेच तयार. ह्यांना घरगुती म्हटलं की पापडसुद्धा दुप्पट लागतात.

ओझर, पिंपळगाव सोडलं आणि मग आत वळलो. पाटी अशी धड नाहीच. अंगणात ट्रॅक्टर, बाजेवर कुरडया वाळत घातलेल्या, आणि मागे पत्र्याची मोठी शेड. आत स्टीलच्या उंच उंच टाक्या, खालची फरशी धुऊन लख्ख. मी तर ह्यांना म्हटलं, चुकून दूध संघात आलो वाटतं. वास मात्र दुधाचा नव्हता. कसा सांगू... आपण आमसुलाचं सार विसरून दोन दिवस झाकून ठेवावं ना, तसा. घाण नाही हो, नाकाला झोंबणारा.

सगळं दाखवलं ते त्या घरच्या सुनेनं. बत्तीस-तेहतिशीची असेल, पायात गमबूट, कपाळाला टिकली, हातात टॉर्च. तिनं एक काळा मणी चिमटीत दाबला. वहिनी, आतून रस पांढरा निघाला! म्हणजे पाण्यासारखा. मी म्हटलं, मग वाइन लाल कशी? म्हणाली, रंग सगळा सालीत असतो काकू, म्हणून लाल करायची तर रस सालींसकट आंबवायचा. आंबताना साली फुगून वर येतात, त्यांचा जाड थर धरतो, तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो. रात्रीसुद्धा. नवरा-बायको पाळी लावून उठतात. मला आपली तान्ह्या बाळाची आठवण झाली. आणि टाकीत वाकून बघायचं नाही म्हणे, आतला वायू जीव घेतो. तिनं ह्यांना दंडाला धरून मागे ओढलं तेव्हा मला बरं वाटलं. पस्तीस वर्षांत मला ते जमलं नव्हतं.

आणि ऐका, विरजणही असतं त्यात. दारू तयार झाली की दुसरे जंतू कामाला लागतात आणि कच्च्या सफरचंदासारखा आंबटपणा ताकासारखा मऊ करतात. लाल वाइनला ते हवंच म्हणाली. मला एकदम ती सगळी आपल्यातलीच वाटायला लागली.

पण वहिनी, सांगायचं ते हे नाहीच. त्या घरातल्या आजी.

ऐंशीच्या पुढच्या असतील. नऊवारी, गळ्यात तुळशीची माळ. पक्क्या माळकरी. निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वराहून पायी पंढरपूर गाठलेल्या, एकदा नाही, कितीदा तरी. आणि घरात काय, तर वाइन! मी सुनेकडे बघितलं, सून हसली. म्हणाली, काकू, काढणी कधी करायची ते आजीच ठरवतात.

म्हणजे कसं? यंत्र आहे हो त्यांच्याकडे, साखर मोजायचं. खायच्या द्राक्षाला अठरा-वीस आली की पुरे, इथे तेवीस-चोवीसपर्यंत थांबतात. पण यंत्राला फक्त साखर कळते. आजी सकाळी बागेत जातात, एका ओळीतून चार-सहा मणी तोडतात, रस गिळून टाकतात आणि बी दाढेखाली धरतात. बी हिरवी, चिवट, कडवट लागली की थांबा. तपकिरी झाली आणि भाजल्या शेंगदाण्यासारखी कटकन फुटली की उद्या पहाटे मजूर बोलवा. गेल्या साली नातवानं यंत्राचं ऐकून चार दिवस आधी काढलं. ती टाकी अजून तशीच आहे, तुरट म्हणजे इतकी तुरट! आजी त्याला काही बोलल्या नाहीत. नुसत्या रोज त्या टाकीजवळून जाताना पदर सावरतात म्हणे.

मी न राहवून विचारलंच, आजी, तुम्ही कधी चाखली? तर म्हणाल्या, ‘मी द्राक्ष खाते बाई. पुढचं त्यांचं ते बघतील.’

घ्या! माळही राहिली आणि धंदाही. मला नाही यात काही वावगं वाटलं. तुम्हाला वाटलं का? ...नाही ना. तेच म्हणते मी. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला तेव्हा केवढा गहजब झाला होता, आपल्या भजनी मंडळात तर दोन तट पडले. शेवटी दुकानात वाइन आलीच नाही, तट तेवढे राहिले. त्या वेळी गावात लोक आजींना माळ काढून ठेवा म्हणाले होते. आजींनी विचारलं, तुमची थॉमसन द्राक्षं व्यापाऱ्यानं बुडवली तेव्हा कोणी काय काढून ठेवलं होतं?

त्याला कारण आहे हो. त्या घरची आधी खायचीच द्राक्षं. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, मग डावणी आली का, भुरी आली का म्हणून रात्र रात्र ढगाकडे बघायचं. २००१ साली सरकारनं वाइनचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं, तेव्हा एका कंपनीनं करार केला म्हणून यांनी निम्मी बाग वाइनची लावली. कुठली कंपनी ते सुनेनं सांगितलं, मी नाही सांगणार. २००८-०९ ला बाजार बसला आणि कंपनीनं मालच उचलला नाही. वाइनची द्राक्षं बाजारात कोण घेणार? बारीक मणी, जाड साल, आत बिया. बारीकच लागतात म्हणे, म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त पडते. पण टोपलीत बघितलं तर गिऱ्हाईक नाक मुरडणार. शेजारपाजारच्यांनी वेली मुळासकट काढल्या. सुनेच्या सासऱ्यांनीही कुऱ्हाड घेतली होती हातात. आजी आडव्या आल्या. पुढचं कर्ज, टाक्या, परवान्यांचे हेलपाटे, ते सगळं ऐकताना ह्यांनी दोनदा जांभई दिली, म्हणून मीही सोडून देते.

चाखायला ओसरीवरच बसवलं. चार लाल. पेला दांडीला धरायचा, हाताची ऊब लागू द्यायची नाही. मग गोल फिरवायचा. ह्यांनी असा फिरवला की जावयाच्या पांढऱ्या शर्टावर नक्षी. शेजारी एक तस्त ठेवलं होतं, चाखून थुंकायला. ह्यांना वाटलं पानासाठी. कळल्यावर म्हणाले, पैसे देऊन थुंकायचं? आणि चारही गिळल्या.

पहिली झिनफांडेल. गोडसर वासाची, जांभळाच्या सरबतासारखी, पण जिभेवर गोड नाही. दुसरी शिराझ, आजींच्या निवडीची. वहिनी, मिरे! खरंच काळ्या मिऱ्याचा वास. मी मसाल्याचा डबा उघडल्यासारखी चमकले. तिसरी तीच शिराझ, पण लाकडी पिंपात वर्षभर ठेवलेली, तिला व्हॅनिलाचा आणि जरासा धुराचा वास. लाकूड बाहेरदेशाहून येतं, महाग पडतं, म्हणून त्यांच्याकडे पिंपं सहाच. चौथी कॅबर्ने. ती घेतली आणि माझ्या हिरड्या आवळल्या. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर होतं ना, किंवा काथ जास्त झालेल्या विड्यानं, तसं. मला वाटलं बिघडली. सून म्हणाली, काकू, तुरटपणा सालीचा आणि बियांचा असतो, वर्षं गेली की मवाळ होतो. नाहीतर मटणाबरोबर घ्या, लगेच कळेल. पण मिसळीबरोबर घेऊ नका, तिखट दुप्पट भाजतं.

आणि एक चूक सुधारली तिनं. आपण ऐकतो ना, लाल वाइन फ्रिजमध्ये ठेवायची नाही, खोलीत ठेवायची. तर ती खोली थंड मुलखातली हो, सोळा-अठरा अंशांची! आपल्याकडे एप्रिलात चाळिशीला पारा. आधी अर्धा तास फ्रिजमध्येच ठेवायची. निफाडला थंडीत पारा किती उतरतो ते पेपरात येतंच, तर त्या गार रात्रींमुळेच द्राक्षातला आंबटपणा टिकतो. नाहीतर वाइन नुसती पाकासारखी झाली असती.

निघताना आजींनी ओटी भरली माझी. तांदूळ, नारळ आणि वर एक काळा घड. बियांचा. गाडीत बसून मी एक बी दाढेखाली धरून बघितली. कटकन फुटली हो!

आता खरं काम. दोन बाटल्या आणल्यात, आजींच्या निवडीची शिराझ. आमच्या फ्रिजला सासूबाई दिवसातून दहा वेळा हात घालतात. म्हणून म्हटलं, एक तुमच्याकडे ठेवाल का? ही बघा, पेपरात गुंडाळून पिशवीत घातलीय, वर मेथी ठेवलीय. हां, धरा. सांभाळून, पलीकडे गुलाब आहे.

काय म्हणालात? आडवी ठेवू की उभी? ...बुचाची असेल तर आडवी, फिरकीच्या झाकणाची असेल तर कशीही चालते?

वहिनी! आणि हे तुम्हाला कोणी सांगितलं?