थांबा, सोलो येतोय!

एखादी गोष्ट नुसती आवडून ज्याचं भागत नाही, त्या आवडीचं वकीलपत्रही ज्याला घ्यावं लागतं, असा माणूस तुमच्या ओळखीचा असणारच. त्याचा अस्सल अमेरिकी नमुना म्हणजे स्ट्रायपर या ख्रिस्ती हेवी मेटल बँडचा चाहता. वय साठीकडे झुकलेलं, केस उरले असतील तर लांब, आणि 1986 सालचा 'टू हेल विथ द डेव्हिल' हा अल्बम तोंडपाठ. त्याला अल्बमबद्दल काही विचारू नये. न विचारताच तो सांगतो की विक्री दहा लाखांवर गेली, त्यातलं 'ऑनेस्टली' हे गाणं बिलबोर्डच्या यादीत 23व्या क्रमांकापर्यंत चढलं, आणि बँडचा बेसवादक टिम गेन्स असला तरी या अल्बमवरचा बेस ब्रॅड कॉबनं वाजवलाय. यावर कुणी साधी शंका काढली की तो एक बोट वर करतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "थांबा, सोलो येतोय." या सोलोत गिटार दोन असतात, मायकल स्वीटची आणि ऑझ फॉक्सची, ही गोष्ट त्याच्या लेखी गौण आहे.

त्याला वकिली करावी लागते, यात त्याचा दोष थोडा आणि बँडचा फार. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीतले हे चौघे पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे तंग कपडे घालून, केस फुगवून, ओठ रंगवून मंचावर येत आणि श्रोत्यांवर बायबलमधल्या नव्या कराराच्या प्रती फेकत. दुरून पाहणाऱ्याला मधमाशांचं पोळं फुटल्यासारखं वाटे. पण बँडच्या बोधचिन्हाखाली यशया 53:5 असा संदर्भ असे, आणि त्या वचनाच्या आधारानं पट्टे म्हणजे ख्रिस्ताच्या अंगावरचे चाबकाचे वळ, असा अर्थ होता. तंग विजारीवर एवढं ओझं लादणारा दुसरा बँड सापडणं कठीण. परिणामी चर्चवाले म्हणत, हे सैतानाचं संगीत. रॉकवाले म्हणत, हे रविवारचं प्रवचन. चाहता एकाच संध्याकाळी दोन्ही न्यायालयांत उभा राहतो. पाद्रीबुवांना सांगतो, वाद्यांचा गोंगाट सोडा, शब्द ऐका, ओळीओळीत येशू आहे. रॉकवाल्या मित्राला सांगतो, शब्द सोड, गिटार ऐक. दोघं एकाच टेबलावर बसले तर काय करायचं, याची तयारीही त्याच्याकडे आहे: थांबा, सोलो येतोय.

मग हा माणूस ढोंगी म्हणायचा का? तसं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. लोकांच्या ओठांवरची चाल उचलून तिच्यात आपला देव बसवायचा, हा उद्योग जुना आणि इभ्रतदार आहे. आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तासाठी अभंग लिहिले आणि कीर्तनं केली. अमेरिकेत लॅरी नॉर्मननं 1972 सालीच गाण्यातून विचारलं होतं की चांगलं संगीत सगळं सैतानालाच का द्यायचं. टिळकांनी लिपस्टिक लावली नव्हती, हा आक्षेप मान्य. पण आक्षेप घेणाऱ्यांकडेही पाहायला हवं. टीव्हीवरचे प्रवचनकार जिमी स्वॅगर्ट यांनी 1987 साली ख्रिस्ती रॉकविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं, आणि फेब्रुवारी 1988मध्ये एका वेश्येशी संबंध आल्याच्या प्रकरणात अडकून त्याच टीव्हीवर ढसाढसा रडत आपल्या पापाची कबुली दिली. ही हकीकत सांगताना मात्र चाहता सोलोसाठीही थांबत नाही.

त्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा तो स्वतः कधीच मांडत नाही, कारण त्यात त्याची निम्मी वकिली कोसळते. 1990 साली स्ट्रायपरनं 'अगेन्स्ट द लॉ' काढला. पट्टे गेले, येशूचं नाव जवळजवळ गेलं, गिटार अधिक दणकट झाली. 'शब्द सोड, गिटार ऐक' हे खरं असतं, तर त्यानं हा अल्बम डोक्यावर घेऊन नाचायला हवं होतं. तो रुसला. घरातलं कुणी दगा देऊन गेल्यासारखा रुसला. बँडही फार टिकला नाही; 1992मध्ये मायकल स्वीट बाहेर पडला. म्हणजे इतकी वर्षं रॉकवाल्यांपुढे ज्या शब्दांकडे तो काणाडोळा करायला सांगत होता, ते शब्दच त्याला हवे होते, आणि तेही याच अवतारात, याच किंचाळीत. चर्चमधल्या शांत ऑर्गनवर ते त्याच्यापर्यंत कधी पोचलेच नव्हते. इतका वैताग दिलेल्या माणसाबद्दल मग, नाइलाजानं का होईना, जीव थोडा हळहळतो. त्या काळच्या इतर फुगीर केसांच्या बँडांचे चाहते आज आपले जुने फोटो काढून मनसोक्त हसतात. ती सगळी गंमत होती, असं म्हणायची सोय त्यांना आहे. यानं ते सगळं प्रार्थना म्हणून ऐकलं होतं, त्यामुळे त्याला ती सोय नाही. 2003 साली बँड पुन्हा एकत्र आला, तेव्हा रुसवा विसरून तिकिटासाठी धावणाऱ्यांत तो होताच. मंचावरून नवा करार भिरभिरत आला की तो अजूनही दोन्ही हात वर करून झेपावतो, घरी चार प्रती असल्या तरी.