किल्ला लहान गटाचा

दिवाळीच्या सुट्टीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्री उशिरा चिखलाने बरबटलेले चाळिशीतले गृहस्थ दिसले, तर वॉचमनला हाक मारू नये. ते किल्ले स्पर्धेतल्या लहान गटाचे स्पर्धक आहेत.

पूर्वी हे काम पोरांकडे असे. दगडविटा, फाटकं पोतं, शेजारच्या बांधकामावरून पळवलेली माती आणि वर पेरलेले अळीव. बुरूज ढासळत, मावळा महाराजांपेक्षा उंच निघे, तळ्यात प्लास्टिकचं बदक तरंगे. आईबापांचं योगदान एवढंच, की हातपाय धुतल्याशिवाय घरात घ्यायचं नाही.

आता असला गलथान कारभार चालत नाही. राजगड करायचा तर पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तिन्ही माच्या नकाशाबरहुकूम हव्यात. वडील रजा टाकतात, आई अळिवावर पाणी शिंपडते, मामा रंगकामाला येतो. चिरंजीवांकडेही जबाबदारीचं काम असतं: मोबाइलचा टॉर्च धरणं. तोही हलला की ओरडा बसतो. परीक्षकांनी ‘बाळ, यातली संजीवनी माची कुठली?’ असं विचारलं, की बाळ बाबांकडे बघतो आणि बाबा ‘सांग ना, काल पाठ केलंयस’ म्हणत स्वतःच बोट दाखवतात.

तोरणा घेतला तेव्हा महाराज कोवळ्या वयाचेच होते. ‘अरे, डबा राहिला!’ असं ओरडत कुणी गडाच्या वाटेवर मागे धावल्याचं बखरींत वाचायला मिळत नाही. बखरकारांकडून असे महत्त्वाचे तपशील राहूनच जातात.

काही शहाणे सुचवतात, एखादा बुरूज पडू द्या की! त्यांना व्यवहार कळत नाही. बुरूज पडला तर पोरगं रडेल, मग नाक पुसून पुन्हा बांधायला बसेल. ही सवय लागली तर उद्या अकरावीचा फॉर्म तेच भरेल. मग ‘यंदा आमची दहावी आहे’ म्हणत वर्षभर टीव्ही बंद ठेवणाऱ्या आईने दिवसभर करायचं काय?

सरकारने मात्र या मायेला थेट कायद्यात गाठलंय. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. शिवाय मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. म्हणजे अठरानंतर आणखी सात वर्षं त्याला कॉलेजला सोडणं-आणणं बाबांकडेच. कैदेचं जमवता आलं तर ही शिक्षा कित्येक घरं अर्ज करून मागून घेतील.