चालतंय ना? मग हात लावू नका

मांजरी बुद्रुकने थोड्या वर्षांत पुष्कळ बदल सोसले. 2015मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए, आले. 30 जून 2021च्या अधिसूचनेने हे गाव आणखी 22 गावांसह पुणे महापालिकेत गेले. द्राक्षबागांच्या शेजारी टॉवर उभे राहिले. एवढ्या उलथापालथीत एखादी तरी गोष्ट जागची हलू नये, असे विचारी नागरिकाला वाटणारच. सुदैवाने तशी एक गोष्ट आहे. या टॉवरचे नकाशे काढणाऱ्या कचेऱ्यांपैकी कित्येकांत ऑटोकॅड या आरेखन सॉफ्टवेअरला जोडलेली जुनी लिस्प आणि प्लगइन अजून तशीच आहेत. ती अपडेट न करण्याचा निर्धार जाहीर कौतुकास पात्र आहे.

ऑटोकॅडमध्ये ऑटोलिस्प ही प्रोग्रामिंग भाषा 1986च्या सुमारास आली. तेव्हापासून एरिया मोजणे, पार्किंग मांडणे, दरवाजे-खिडक्यांचे तक्ते करणे ही कामे तिच्यात लिहिलेल्या छोट्या फायली करतात. कधीकाळी नोकरी सोडून गेलेल्या ड्राफ्ट्समनने लिहिलेली फाइल पेनड्राइव्हवरून पुढच्या पिढीकडे येते. आत काय आहे ते कोणी पाहिलेले नसते. कमांड लाइनवर ‘एरर: बॅड आर्ग्युमेंट टाइप’ असे उमटते, कचेरीतला मुलगा दोनदा एस्केप दाबतो, पुन्हा चालवतो आणि आलेला आकडा एरिया स्टेटमेंटमध्ये भरतो. न वाचता विश्वास ठेवण्याचा हा गुण समाजात दुर्मिळ होत चालला आहे.

नियमांच्या बाबतीत तर या निष्ठेचे मोल फारच मोठे. शासनाने 2 डिसेंबर 2020 रोजी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, मंजूर केली. एफएसआय, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक, आता पी-लाइनवर मोजायचा. भिंती, जिना, बाल्कनी सगळे त्या रेषेच्या आत धरायचे आणि त्यासाठी निवासी इमारतीला 60 टक्क्यांपर्यंत अ‍ॅन्सिलरी एफएसआय घ्यायचा. जुन्या प्लगइनला यातले काही ठाऊक नाही. ते आजही बाल्कनी बाहेर ठेवते आणि जिना वगळते. गेल्या सालच्या पंचांगावरून यंदाचा मुहूर्त काढावा, तसे हे काम चालते. शासनाने रद्द केलेले नियम इतक्या मायेने कोणी जपले नसतील.

सुरक्षेच्या प्रश्नावरही या कचेऱ्यांची भूमिका उदार आहे. ऑटोकॅड 2014पासून अनोळखी फाइल चढवताना इशारा देते. तो सारखा येतो म्हणून ‘सिक्युअरलोड’ हे सेटिंग शून्यावर नेले जाते. क्रॅक केलेल्या आवृत्तीच्या सोयीसाठी अँटिव्हायरसलाही रजा मिळते. 2012मध्ये ऑटोलिस्पमध्येच लिहिलेला मेड्रे नावाचा वर्म सापडला. तो नकाशे परस्पर चीनमधील मेल खात्यांवर पाठवत असे आणि त्याचा सर्वाधिक प्रादुर्भाव पेरूमध्ये होता. बॅकअपची वेगळी व्यवस्था नसलेल्या कचेरीने अशा निःशुल्क सेवेला आडकाठी का करावी?

उलट बाजूचे म्हणणेही ऐकायला हवे. ऑटोकॅड आणि इमारतींच्या आराखड्याचे दुसरे सॉफ्टवेअर रेव्हिट 2025च्या आवृत्तीत डॉट नेट 8वर गेले, अनेक अ‍ॅड-इन नव्याने बांधावी लागली. रेव्हिटची नवी फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. तेव्हा अपडेट करायचे तर आधी एखाद्या जुन्या प्रकल्पाच्या प्रतीवर चाचणी घ्यावी, आकडे हाताने पडताळावेत, कोणत्या दिवशी काय बदलले याची वहीत नोंद ठेवावी आणि स्ट्रक्चरल कन्सल्टंटशी आवृत्तीबद्दल बोलून घ्यावे. यात दोन दिवस सहज जातात. दोन दिवस म्हणजे केवढा काळ, हे सबमिशनची तारीख डोक्यावर असलेल्यालाच कळते.

त्यापेक्षा छाननीत आक्षेप येऊ द्यावेत. नकाशा परत येतो, पुन्हा जातो, पुन्हा येतो. या फेऱ्यांत कचेरीचे फारसे बिघडत नाही. सुधारित मंजुरी अडते, तिच्यामागे भोगवटा पत्र अडते आणि ताबा लांबतो. मांजरीत घर घेतलेले कुटुंब तोवर हडपसरला भाडे भरते आणि बँकेला हप्ताही भरते. आपल्या वास्तुरचनेचा वारसा टिकवण्याचा खर्च महिन्याच्या महिन्याला उचलणाऱ्या या कुटुंबांचा उल्लेख मात्र कोणत्याही एरिया स्टेटमेंटमध्ये होत नाही. तेवढा एक रकाना जुन्या प्लगइनमध्ये वाढवता आला, तर अपडेटला कोणाचीच हरकत नसावी.